ब्राउझरच्या पोटातलं

औषधकाकांना त्या दिवशी सकाळी साडेदहाला जो घाम फुटला, तो दुपारी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढेपर्यंत काही वाळला नाही. आणि झालं काय होतं, तर कॉम्प्युटरवाला आला होता. बस, एवढंच.

आता कॉम्प्युटरवाला म्हणजे काही वाघ नव्हे. पस्तिशीचा, पोट सुटलेला, तोंडाचा पट्टा अखंड चालू असलेला माणूस. काकांच्या औषधाच्या दुकानातलं जुनं यंत्र रडतंय अशी ओरड होती, म्हणून काकांच्या पुतणीने नवं मागवलं होतं. पुतणी म्हणजे थोरल्या भावाची मुलगी. औषधशास्त्र शिकलेली, सहा वर्षं काकांच्या बरोबरीने दुकान सांभाळणारी, आणि काकांच्या मते जरा जास्तच शिस्तीची. काउंटरवर चिठ्ठ्या घेऊन औषधं काढणार काका, शेजारच्या टेबलावर बिलं करणार ती. गल्लीतल्या लोकांना एकाशिवाय दुसऱ्याची कल्पनाच करता येत नसे.

"चारला येतो," कॉम्प्युटरवाला खुर्चीत ऐसपैस बसून म्हणाला. "जुन्यातलं सगळं नव्यात ओतून देतो. फोटो, फाइली, ब्राउझरचं काय असेल ते. काही म्हणता काही राहायचं नाही."

"ब्राउझरचं म्हणजे?" काकांनी स्ट्रिपा मोजता मोजता विचारलं. मुद्दाम मान वर केली नाही.

"म्हणजे इंटरनेटवर तुम्ही काय काय बघता, ते."

"आणि कुणी ते पुसलेलं असलं तर? म्हणजे उदाहरणार्थ म्हणतो मी."

कॉम्प्युटरवाला असा काही हसला की काकांची स्ट्रिपांची मोजणीच चुकली. "अहो काका, लोक यादी पुसतात. माल कुठे जातो? ब्राउझर हा एक नंबरचा साठेबाज. तुम्ही पान उघडलंत रे उघडलंत की त्यातली चित्रंबित्रं हा गुपचूप स्वतःच्या पोटात टाकतो. पुढच्या वेळी झटकन दाखवता यावीत म्हणून. तुम्हाला विचारत नाही, सांगत नाही. तुम्ही आपले यादी पुसून खूश, आणि हा पोट भरून खूश!"

आणि मग या भल्या माणसाने एक छोटासा प्रोग्रॅम जुन्या यंत्रात टाकला. ब्राउझरच्या पोटात काय काय आहे त्याची यादी दाखवणारा. कुठलं पान, कुठल्या तारखेला, किती वाजता, सगळं. "फार कचरा असेल तर ओतायला वेळ लागतो. चारला आलो की ताईंना शेजारी बसवतो, एकेक ओळ बघून काय ठेवायचं ते त्याच सांगतील," असं म्हणून तो गेला.

काका तिथे बघत काय होते, ते आत्ताच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर ऐकणाऱ्याच्या मनात भलतंसलतं यायचं. काका बघत होते ते विसराळूपणाबद्दल. वीसेक दिवसांपूर्वी एका गिऱ्हाइकाची चिठ्ठी वाचून ते खणाकडे वळले आणि आपण कशाला वळलो हेच त्यांना आठवेना. हे तसं कुणालाही होतं. पण त्याच आठवड्यात समोरचा चष्मेवाला, तीस वर्षांपासूनचा शेजारी, "काय म्हणता?" म्हणत आत आला आणि काकांना त्याचं नाव सापडेना. जिभेवरसुद्धा नव्हतं. डोक्यात त्या जागी नुसतं पांढरं. त्या दिवशी दुपारी, दुकान बंद असताना, काकांनी एका बोटाने टाइप केलं, 'ओळखीच्या माणसाचं नाव विसरणे.'

मग काय, चटकच लागली. रोज दुपारी एक नवं पान. एका ठिकाणी चाचणीही होती. पाच चित्रं दाखवतात, मग इकडचं तिकडचं विचारतात, आणि मग विचारतात, ती पाच चित्रं कुठली? काकांनी ती एकदाच दिली. किती गुण पडले ते त्यांनी मनावर घेतलं नाही, म्हणजे घेतलं नाही असं स्वतःला सांगितलं. आणि रोज, न चुकता, सगळं पुसलं.

भीती एकच होती. पुतणीला कळलं तर ती त्यांना काउंटरवरून उठवणार. आणि ती चूक ठरली नसती, हीच तर रड होती. औषधाच्या दुकानात विसरणाऱ्या माणसाला कोण उभं करेल? पण एक्केचाळीस वर्षं काका त्या काउंटरमागे उभे होते. डॉक्टरांची कोंबडीच्या पायांची अक्षरं वाचणारा या भागातला शेवटचा माणूस अशी त्यांची ख्याती. तिथून उठलं की काय राहिलं? घरी बसायचं, काकूंच्या पायात पायात यायचं, आणि लोकांनी 'काय काका, आराम का?' म्हणून कीव करायची. नको रे बाबा.

म्हणून तर ते एवढं जपून पुसत. पण माणूस जपायला जातो आणि नेमकं भलतंच जपतो. ब्राउझरच्या त्या पुसायच्या खिडकीत दोन-तीन चौकोन असतात, खुणा करायचे. पहिला पाहिलेल्या पानांचा. तो काका करत. दुसऱ्यापुढे लिहिलेलं असे, 'साठवलेली चित्रे आणि फाइली.' त्यावर आधीच खूण असे आणि ती काका रोज आठवणीने काढून टाकत. त्यांना वाटायचं, या दुकानाच्या फाइली. गिऱ्हाइकं फोनवरून चिठ्ठ्यांचे फोटो पाठवतात ते, मालाचं रजिस्टर, सगळं एका फटक्यात उडायचं. आपल्या भानगडीपायी दुकानाचं नुकसान नको! इतका सज्जन विचार. आणि त्या सज्जनपणामुळेच त्यांचं एकूण एक पान यंत्राच्या पोटात शाबूत राहिलेलं.

एक वाजता पुतणी जेवायला निघाली. "काका, आज चला ना घरी. काकू वाट बघते."

"डबा आणलाय मी."

"रोज रोज काय डबा? इथे एकटेच बसून करता तरी काय?"

"झोपतो," काका म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाने दुपारी झोपू नये का?"

ती उंबऱ्यात जरा वेळ घुटमळली, त्यांच्याकडे बघत राहिली, मग गेली. काकांनी शटर अर्ध्यावर ओढलं, आतली ट्यूब लावली आणि खुर्चीवर बसले. दुकानात फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत होती. चारला अजून तीन तास. पुष्कळ झाले.

प्रोग्रॅम उघडला. यादी बघून काकांना जरा धीरच आला, कारण यादी हा त्यांचा प्रांत. औषधांच्या हजार नावांतून मुदत संपलेलं एक नाव हुडकून काढणारा माणूस तो. त्यांनी ठरवलं, सगळं उडवायचं नाही. सगळं कोरं दिसलं की पोरीच्या मनात पाल चुकचुकणार. आपली तेवढी पानं वेचून काढायची आणि बाकीचं तसंच ठेवायचं. घाऊक कंपन्यांची पानं, बातम्या, हवामान, असू दे सगळं.

तर्जनीने ते एकेक ओळ खाली सरकत गेले. आज. काल. परवा. सापडलं की पुसायचं. 'स्मरणशक्ती.' पूस. 'साठीनंतर मेंदू.' पूस. असं करत ते वीस दिवस मागे आले, सतरा ओळी काढल्या, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. झालं की! एवढं कशाला घाबरलो? त्यांनी डबा उघडला, दोन घास खाल्ले, पाणी प्याले.

पण औषधवाल्याची सवय. खण आवरला की मागे हात घालून बघायचं, काही अडकलं तर नाही ना. काकांनी तारखेच्या रकान्यावर बाण नेऊन बोट दाबलं आणि यादी उलटी झाली. सगळ्यात जुनं वर आलं.

पहिलीच ओळ त्या चाचणीच्या पानाची होती. तारीख आठ महिन्यांपूर्वीची.

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत लावला. तारीख तीच. खाली दुसरी ओळ, चौथी ओळ, नववी. 'नाव आठवत नाही.' 'वस्तू कुठे ठेवली आठवत नाही.' 'हे कशाचं लक्षण.' महिन्यामागून महिना. मधेमधे घाऊक कंपन्यांची पानं, आणि पुन्हा हेच.

मी नाही, काका मनाशी म्हणाले. मी तर वीस दिवसांपूर्वी सुरुवात केली. मग या यंत्रावर दुसरं बसतं कोण?

आणि मग त्यांच्या लक्षात आलं. पोर! एकोणतिसाव्या वर्षी हिला कसला आलाय विसराळूपणा? का आणखी काही आहे, मेंदूचं वगैरे? आठ महिने एकटीच सोसतेय आणि घरात कुणाला ताकास तूर लागू दिली नाही! काकांचे डोळे भरून आले. पण लगेच दुसरा विचार आला, आणि तो पहिल्याहून वाईट. हिने हे स्वतःसाठी बघितलंच नसेल तर? हिने माझ्यासाठी बघितलं असेल तर? म्हणजे माझ्या पाठीमागे आठ महिने ही माझी लक्षणं ताडून बघतेय. तोंडावर 'काका, काका' आणि मागे हे धंदे! काका असे काही खवळले की त्यांनी डब्याचं झाकण टेबलावर आपटलं. येऊ दे तिला. चांगली हजेरी घेतो.

रागारागानेच त्यांनी त्या पहिल्या ओळीवर बोट दाबलं. आतलं चित्र उघडलं. चाचणी संपली की ती मंडळी एक कार्ड देतात, रंगीत, निकालाचं. ते कार्ड होतं.

नावाच्या जागी काकांचं नाव होतं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनाव आधी. या घरात एकटे काकाच फॉर्म तसा भरतात, पुतणी त्यावरून त्यांना हसते. वयाच्या जागी त्रेसष्ट. काकांना चौसष्ट पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. गुण तीसपैकी पंचवीस.

त्यांनी पुढचं कार्ड उघडलं. तेच नाव. चोवीस. त्याच्या पुढचं. पुन्हा चोवीस. मग बावीस. असं एकेक करत ते बघत गेले. मघाशी वीस दिवसांच्या सफाईत एक उडालं होतं, त्याचे गुण आता कळायला मार्ग नव्हता. उरलेली अकरा होती. शेवटच्यावर एकोणीस. वेळा सगळ्या दुपारच्या, सव्वा ते तीनच्या मधल्या, दुकान बंद असतानाच्या.

काकांनी कार्डं पुन्हा एकदा मोजली. ते आठवायचा प्रयत्न करू लागले. अकरा वेळा ते या खुर्चीवर बसले होते, पाच चित्रं बघितली होती, गुण बघून घाबरले होते, आणि मग पुसलं होतं. अकरा वेळा घाबरलेला माणूस! त्यातलं एकदाचं तरी काही आठवावं. खिडकीतलं ऊन, डब्यातली भाजी, काहीही. काही नाही. एकच औषध अकरा वेळा मागवावं आणि प्रत्येक वेळी रजिस्टरमध्ये 'नवीन' म्हणून चढवावं, असा सगळा प्रकार.

खाली एक बटण होतं, 'सर्व काढून टाका.' काकांनी बाण त्यावर नेऊन ठेवला. अडीच वाजले होते. एकदा दाबलं की संपलं. पोरीला कळायचं नाही, कॉम्प्युटरवाल्याला कळायचं नाही, उद्या नव्या यंत्रावर सगळं कोरं.

आणि मलाही कळायचं नाही, असं त्यांच्या मनात आलं.

हा विचार आला आणि काका जे थिजले ते थिजलेच. खरंच की. आज पुसलं, तर परवा कधीतरी दुपारी आपण इथेच बसू, एका बोटाने टाइप करू, आणि म्हणू, हे आत्ताच सुरू झालंय, वीसच दिवस झाले. तेराव्यांदा चाचणी देऊ, चौदाव्यांदा देऊ. दरवेळी पहिल्यांदा. आणि मधल्या वेळात चिठ्ठ्या घेत राहू. लोकांच्या पोटात जाणारं औषध काढत राहू. पोरगी, काकू, चष्मेवाला, कुणाकुणाला सांगायचं नाही म्हणून पुसत राहिलो, आणि पहिला फसवला तो स्वतःलाच! सगळ्या जगात हे ठाऊक असलेलं एकटं हे रडकं यंत्र. तेही चोरून ठेवलं म्हणून.

काकांना रडू आलं. खोटं कशाला सांगा, चांगले हमसून रडले.

तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. पुतणी लवकर परत आली होती. काका ताडकन उठले आणि स्क्रीनपुढे असे पाठ करून उभे राहिले, जसं काही पाठीमागे काचेचं भांडं फुटलंय. तिने पर्स खुंटीला लावली, त्यांच्याकडे बघितलं, डब्यातल्या न खाल्लेल्या घासांकडे बघितलं.

"काका?"

सांगू का नको. अजून बटण मागे हाताशी होतं. काकांनी डोळे गच्च मिटले आणि बोलून टाकलं.

"मला विसरायला होतंय, पोरी. साधं नाही, फार. आठ महिने होतंय आणि मला वाटत होतं वीस दिवस. मी इथे बसून चाचण्या देतो आणि पुसून टाकतो. हे बघ. सगळं यात आहे. मी तुझ्यापासून लपवलं. मला काउंटरवरून उठवशील म्हणून लपवलं."

ते बाजूला झाले. पुतणीने स्क्रीनकडे एक नजर टाकली आणि स्टुलावर बसली. ती दचकली नाही. तिने 'अगं बाई' म्हटलं नाही. काकांना तेच जास्त लागलं.

"बोल की काहीतरी."

"काका," ती म्हणाली, "हे तुम्ही मला तिसऱ्यांदा सांगताय."

फ्रिज घरघरत होता. काकांनी टेबलाची कड धरली.

"पहिल्यांदा सांगितलंत त्याला तीन महिने झाले. इथेच. आपण दोघंही रडलो. मी डॉक्टरांची वेळ घेतली. त्या दिवशी सकाळी गाडी घेऊन आले तर तुम्ही म्हणालात, कसला डॉक्टर? माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय? माझ्यावर केवढ्याने ओरडलात. काकू घाबरली. दुसऱ्यांदा गेल्या महिन्यात. तेव्हा तुम्ही माझ्याकडून वचन घेतलंत, काकूला सांगायचं नाही म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी काहीच झालं नाही असे शिट्टी वाजवत शटर उघडत होतात."

"आणि तू मला उभं राहू दिलंस? तिथे?" काकांनी काउंटरकडे हात केला. "अगं, तू शिकलेली ना? कुणाचा जीव गेला असता म्हणजे?"

"गेला असता!" ती एकदम उसळली. "मला कळत नाही का ते? बिल करताना मी तुमचं प्रत्येक पाकीट वाचते, काका. दोनदा वाचते. चिठ्ठीशी लावून बघते. लोक खोळंबतात, मी सांगते मशीन स्लो आहे. इतकं सांगितलं, इतकं सांगितलं की शेवटी लोकच म्हणायला लागले, मग नवीन का घेत नाही? काय सांगणार? घ्यावं लागलं!"

काकांची नजर बिलांच्या टेबलाकडे गेली.

"आणि मागच्या मंगळवारी मी आत फ्रिजपाशी होते. तुम्ही एका बाईला परस्पर औषध देऊन मोकळे झालात. सात महिन्यांच्या बाळाचं. चिठ्ठीत थेंब होते, तुम्ही मोठ्या माणसांचं सिरप दिलंत. मी बाहेर येऊन चिठ्ठी बघितली आणि धावले. चपला न घालता धावले काका, बस थांब्यापर्यंत. तिचा एक पाय बसमध्ये होता." तिने मनगटाने नाक पुसलं. "परत आले तर तुम्ही विचारलंत, एवढी धापा टाकत कुठून आलीस?"

ते बाळ काकांना आठवेना. ती बाई आठवेना. मंगळवार आठवेना. मनात नुसतं ते सिरप दिसत होतं, चमचा दिसत होता आणि एवढंसं तोंड.

"त्याच दिवशी का नाही उठवलंस मला?"

"नाही जमलं," ती म्हणाली, आणि आता ती खरोखरच रडत होती. "चिठ्ठी वाचायला तुम्ही शिकवलंत मला. बाबा गेल्यावर या स्टुलावर बसवून. तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगू, उठा म्हणून? रोज सकाळी ठरवते, आज सांगायचं. आणि तुम्ही असे छान इस्त्री करून येता."

तिने काकांचा डबा बंद करून पिशवीत ठेवला. कॉम्प्युटरवाल्याचा फोन आला, पाचला येतो म्हणून. पुतणीने 'या' म्हटलं. मग चार वाजले आणि शटर वर करावंच लागलं.

शटर वर गेलं तसे काका काउंटरला वळसा घालून पुढे आले आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले. एक्केचाळीस वर्षांत त्या बाकावर ते कधी बसले नव्हते. तिथून खण भलतेच उंच दिसत होते.

"तू दे औषधं," ते म्हणाले. "आणि ऐक. उद्या मला यातलं काही आठवणार नाही. मी इस्त्री करून येईन आणि तिथे उभा राहीन. तेव्हा मला ओरडून बाहेर काढायचं. गिऱ्हाइकांसमोर. लाजबीज ठेवायची नाही."

"काका, नाही हो जमणार मला."

"जमव."

"नाही जमणार!"

"काय जमणार नाही?" दारातून आवाज आला. बसची कंडक्टरबाई होती. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जावं अशा आवाजात कुजबुजणारी, रोज चारला ड्यूटी संपली की सासूची रक्तदाबाची गोळी न्यायला नाहीतर नुसतंच टेकायला येणारी. तिने काकांना बाकावर बघितलं आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आणि तुम्ही इथे कसे? बरं नाही का?"

पुतणीने मान खाली घातली. काकांना वाटलं, अजूनही सांगता येईल, कंबर धरलीय म्हणून. जीभ तेवढ्यासाठी वळलीसुद्धा होती.

"मला विसरायचा आजार झालाय, बाई," ते म्हणाले. "चुकीची औषधं द्यायला लागलोय. आजपासून काउंटरवर ही उभी राहणार. मी उद्या विसरून तिथे गेलो तर मला हाकलायचंय, आणि हिचा आवाज फुटत नाही."

कंडक्टरबाईने पिशवी खाली ठेवली आणि बाकावर काकांच्या शेजारी धपकन बसली. बाक हलला.

"आवाजाचं माझ्यावर सोडा," ती म्हणाली. "सकाळची बस सुटायच्या आधी येत जाईन, आणि चारला आहेच. ओरडणं तर माझी नोकरी आहे. पण काका, मग रागवायचं नाही हं."

"मी रागावणार," काका म्हणाले. "पहिल्यांदा मी ओरडलो होतो म्हणे हिच्यावर. तरी ऐकायचं नाही माझं."

पुतणी काउंटरमागे गेली. तिने गोळीचा खण काढला, नाव वाचलं, पुन्हा वाचलं. बाकावरून ते बघताना काकांना घाम येत होता आणि बोटं आपोआप मांडीवर स्ट्रिपा मोजत होती. डॉक्टर, काकू, चष्मेवाला. एवढ्यांना सांगायचं राहिलं होतं. काकूला आज रात्रीच्या आत सांगायला हवं, कागदावर लिहून घ्यायला हवं, असं ते मनात घोकत होते. कंडक्टरबाई ड्रायव्हरची काहीतरी गंमत सांगत होती आणि काका हुं हुं करत होते.

तेवढ्यात एक म्हातारा गृहस्थ चिठ्ठी घेऊन आत आला. थकलेला, चिठ्ठी धरलेला हात पुढे आलेला. काका उठले. सदऱ्याची सुरकुती हाताने सारखी केली, "या, या, द्या बघू," म्हणाले, आणि काउंटरला वळसा घालून पुतणीच्या शेजारी जाऊन उभे राहिले. पुतणीचा हात खणातच राहिला. तिने तोंड उघडलं, पण शब्द काही बाहेर आला नाही. काकांनी चिठ्ठी घेतली, चष्मा वर सरकवला.

"ओ काका!" बाकावरून असा आवाज आला की काचेच्या कपाटातल्या बाटल्या किणकिणल्या. "खाली बसा!"

काकांनी दचकून वर बघितलं. ही बाई आपल्यावर का ओरडतेय हे त्यांना क्षणभर कळेना. त्यांनी पुतणीकडे बघितलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तिने हात पुढे केला होता. काकांनी तिच्या हातात चिठ्ठी दिली आणि परत बाकावर येऊन बसले.